नभाचा दिवा किती वर्षं जळेल?

"साठ वर्षं! साठ वर्षं म्हणे दिवा तस्साच लख्ख! कुणाच्या घरचा कारभार आहे का?"

चार्वी गॅलरीच्या दारातच थबकली. आबा आरामखुर्चीत बसून पुटपुटत होते, आणि त्यांच्या मांडीवर तिचा टॅब होता.

"आबा! चोरून वाचताय?"

"उघडा टाकून गेलीस. आणि चोरून वाचलेलं माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो." आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे गणितगुंड कोण?"

चार्वीचा चेहरा पडला. म्हणजे आबांनी खालची शेरेबाजीही वाचली होती.

'खडकवाट' हा खेळ चार्वीच्या वर्गातल्या सगळ्यांनी खेळून संपवला होता. त्यात आपण यान चालवायचं आणि खडकांच्या थव्यातून वाट काढायची. शेवटच्या टप्प्यावर एका पिटुकल्या चंद्रावर नभा नावाची मुलगी भेटते. ती म्हणते, "तू पुढे जा. मी दिवा लावून ठेवते." यान पुढे जातं आणि खेळ संपतो! नभाचं पुढे काय झालं, हे खेळ बनवणाऱ्यांनी सांगितलंच नाही. मग काय, गावोगावच्या पोरांनी आपापल्या मनाने पुढच्या गोष्टी लिहून नेटवर टाकल्या. चार्वीनेही लिहिली. तिच्या गोष्टीत यान साठ वर्षांनी परत येतं. नभा म्हातारी झालेली असते, पण दिवा लख्ख जळत असतो.

त्याखाली गणितगुंडाने लिहिलं होतं : 'दिव्यात नीलधातू आहे. त्याचा अर्धायुकाल वीस वर्षं. म्हणजे वीस वर्षांत अर्धा संपला, चाळीस वर्षांत सगळा. साठाव्या वर्षी दिवा कुठून आणलास? कालरेषा चुकली. गोष्ट बाद.'

"तो म्हणतो ते खरंय का, आबा?" चार्वीने विचारलं. "तुम्ही सांगा. तुम्ही जन्मभर यानांना वीज पुरवणाऱ्या विजेऱ्याच केल्यात."

आबांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. गुरुवार.

गुरुवारी चार वाजता या घरात मिक्सर बंद असायचा. आबांनी बांधलेलं टिटवी नावाचं यान सूर्यापासून फार फार लांब पोचलं होतं आणि दर गुरुवारी चारला त्याचा आवाज ऐकण्यासाठी अंतराळ केंद्रातली मोठी अँटेना आकाशाकडे वळायची. ऐकू आलेलं साताऱ्याच्या या घरातल्या पडद्यावर उमटायचं : एक रेघ आणि तिच्यावर छोटे छोटे उंचवटे. मिक्सरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आबांनाही. तरी चटणी थांबायची.

दिवाळीपासून रेघ सपाट होती.

आई म्हणायची, "आज तिकडे ढग असतील." रेडिओलहरींना ढगांची पर्वा नसते, हे तिला चांगलं माहीत होतं. बाबा म्हणायचे, "अँटेना नीट वळली नसेल." केंद्रातून फोन यायचे. ऐकणं थांबवून ती वेळ एका नव्या यानाला द्यायची होती, पण टिटवी बांधणाऱ्या आबांच्या होकाराशिवाय त्यांना तसं करायचं नव्हतं. आबा फोन उचलत नव्हते. आणि चार्वी? तिने गोष्ट लिहिली होती.

"चिंचोके आण," आबा म्हणाले.

"आता?"

"तुझ्या आईच्या लहानपणीची पिशवी आहे कपाटात. फोडलेले चिंचोके. आणि ढमीलाही बोलाव."

ढमी म्हणजे घरातला फरशी पुसणारा रोबो. सांगितलेल्या वस्तू उचलायला आणि मोजायलाही तो शिकला होता, आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता.

आबांनी मूठमूठ चिंचोके काढले. प्रत्येकाची एक बाजू तपकिरी, चकचकीत, दुसरी पांढरी.

"हे समज नीलधातूचे अणू. नीलधातू खेळातला, पण तो वागतो खऱ्या किरणोत्सारी (आपोआप बदलत जाणाऱ्या आणि बदलताना ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या) धातूंसारखाच. त्याच ऊर्जेवर दिवा लागतो. चिंचोका पांढरा पडला की तो अणू बदलला, त्याच्याकडचं देऊन झालं. तो बाजूला. तपकिरी पडला, तर अजून शिल्लक. एक फेक म्हणजे वीस वर्षं. ढमी, किती आहेत?"

"चौसष्ट," ढमी म्हणाला. "फरशी आत्ताच पुसली होती."

"पुन्हा पूस. टाक गं."

खळखळ करत चिंचोके गॅलरीभर पसरले. ढमीने कुरकुरत पांढरे उचलले.

"चौतीस शिल्लक."

"वीस वर्षं झाली. बरोबर निम्मे नाहीत, पण निम्म्याच्या आसपास. निम्मे अणू बदलून जायला जेवढा काळ लागतो, तो अर्धायुकाल. आता पुन्हा टाक. किती उरतील? गणितगुंड म्हणतो, शून्य."

चार्वीने टाकले.

"सोळा," ढमी म्हणाला.

चार्वी त्या सोळा चिंचोक्यांकडे बघत राहिली. मग तिने हळूच टाळी वाजवली. "दर वेळी पहिल्या ढिगाचे निम्मे जात नाहीत! जे उरलेत त्यांचे निम्मे जातात! म्हणजे चाळीस वर्षांनी पाव भाग राहतो. आबा, तो चुकला!"

"चुकला. पण तू थांब, एवढ्यात नाचू नकोस. साठ वर्षं कर."

तिसऱ्या फेकीनंतर नऊ उरले.

"म्हणजे साधारण आठवा भाग," आबा म्हणाले. "आता तुमच्या खेळाचा नियम काय? दिवा लागायला किती नीलधातू लागतो?"

चार्वीचा आवाज खाली आला. "निदान पाव भाग."

"मग?"

"मग... चाळीस वर्षांच्या सुमाराला दिवा विझतो."

"थोडक्यात, गुंडाचं उत्तर जमलं, रीत चुकली. शाळेत असं खपतं कधी कधी. अंतराळात खपत नाही."

"पण आबा, विझला तरी नीलधातू संपला नाही ना?"

"नाही ना! ऊब असते. प्रकाश लांबवर पोचत नाही, एवढंच."

चार्वीने ते नऊ चिंचोके पुन्हा टाकले, मग पुन्हा. शेवटी एकच उरला. तो काही केल्या पांढरा पडेना. एकदा टाकला, तपकिरी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी तपकिरी.

"हट्टी आहे," ढमी म्हणाला.

"दमत कसा नाही हा?" चार्वीने विचारलं.

"दमायला त्याला आठवण कुठाय?" आबांनी तो चिंचोका उचलून तळहातावर घेतला. "हीच तर गंमत आहे. अणू म्हातारा होत नाही. आधी किती वेळा वाचलो, हे त्याला ठाऊक नसतं. पुढच्या फेकीला वाचण्याची शक्यता पहिल्या फेकीइतकीच, निम्मी. कुठला अणू कधी जाईल, ते जगातला कुठलाही शास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. पण चिमूटभर धातूत इतके अणू असतात, इतके, की त्यांच्यातले किती जातील ते मी डोळे मिटून सांगतो. एकट्याचं सांगता येत नाही, गर्दीचं सांगता येतं." त्यांनी चिंचोका मुठीत धरला. "म्हणून म्हणतो, एखादा हट्टी असतो. वाट बघायला हरकत नसते."

चार्वीने त्यांच्या मुठीकडे पाहिलं. मग पडद्याकडे. चार वाजून गेले होते. रेघ सपाट होती. आत स्वयंपाकघरात आईने मिक्सरमध्ये खोबरं भरून ठेवलं होतं आणि ती ओट्याला टेकून उभी होती.

"आबा," चार्वी म्हणाली, "टिटवीच्या विजेरीत कुठला धातू आहे?"

"स्ट्रॉन्शियमचा एक प्रकार."

"त्याचा अर्धायुकाल किती?"

"एकोणतीस वर्षं. साधारण."

"आणि टिटवीला जाऊन?"

आबांनी पडद्याकडे पाहिलं. आतून आईच म्हणाली, "मी दहा वर्षांची होते. तिचा पहिला आवाज ऐकून मीच टिटवी नाव ठेवलं. एकतीस वर्षं झाली, आबा."

"आणि तिच्या रेडिओला किती धातू लागतो?" चार्वीने अगदी हळू विचारलं.

"जवळजवळ निम्मा," आबा म्हणाले. "तो आकडा मीच ठरवला होता." मूठ अजून मिटलेली होती. "ठरवताना वाटलं होतं, पुष्कळ वर्षं पुरेल."

"एका चिंचोक्यावर रेडिओ चालत नाही ना, आबा?"

आबांनी मूठ उघडली. चिंचोका घामाने ओला झाला होता.

"म्हणूनच तू साठ वर्षं लिहिलीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

चार्वीने मान हलवली. रडू येत होतं, पण ढमी बघत होता. "आता बदलते. यान परत येतं तेव्हा दिवा विझलेला असतो. नभा त्याला टेकून बसलेली असते, कारण तो अजून कोमट असतो. यानातल्या माणसांना दिवा दिसत नाही, पण तो कुठे होता ते त्यांना आठवत असतं. ते नवा दिवा घेऊन आलेले असतात."

"ही कालरेषा बसते," आबा म्हणाले. "गुंडाचा बापही चूक काढणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. केंद्राचाच. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. नेहमीसारखा वाजून वाजून बंद पडेल, असं तिघांना, म्हणजे आई, चार्वी आणि ढमीलासुद्धा वाटलं. पण आबांनी तो उचलला.

"हां, बोला... हो, मीच. नाही, तब्येत छान आहे, फोन उचलायचा आळस, दुसरं काय. ऐका, गुरुवारची चारची वेळ तुमच्या नव्या यानाला द्या... हो, पुढच्या आठवड्यापासून. त्यात अमेरिशियम घातलंय ना? शाब्बास. म्हणजे चारशेच्या वर वर्षं अर्धायुकाल." त्यांनी चार्वीकडे पाहिलं. "माझी नात हिशेब तपासायला येईल हं मोठी झाली की. चिंचोके घेऊन येईल."

फोन ठेवून ते थोडा वेळ पडद्यासमोर बसले. मग त्यांनी हट्टी चिंचोका चार्वीच्या हातात दिला आणि आत आईकडे वळून, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले,

"केतकी, मिक्सर लाव गं. टिटवी आता बोलणार नाही."