ओठांवरची हाक

"आवं, वाट द्या की जरा..."

बनूनं पुन्हा पुन्हा हाक मारली, पण बेदाण्याच्या शेडच्या दारातला तो उंच गडी ढिम्म हलेना. शेवटी ती तरातरा समोर आली, तसा तो असा काही हसला, की तिचा राग कुठल्या कुठं पळाला.

"पाठीमागनं कळत न्हाई," तो म्हणाला. "तोंड दिसलं, की कळतं."

त्याचं नाव सोपान. एकाहत्तरच्या लढाईत तो तोफेवर होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यानं तिला समजावलं. कानाच्या आत शंखासारखं वेटोळं असतं. जाड आवाज पार आत उमटतात, बारीक आवाज तोंडाशीच. तोफेच्या दणक्यानं नेमकं वेटोळ्याचं तोंडच बिघडवलं. त्यामुळे बोलणं कानावर येई, पण शब्द सुटे होत नसत. उरलेलं तो ओठ बघून जुळवायचा. लोक मात्र त्याच्या कानाशी ओरडत, मग होतं तेही समजेनासं होई.

बनू कधी ओरडली नाही. बेदाणे निवडताना ती उजेडाकडं तोंड करून बसू लागली.

"लय बघता माज्याकडं," ती एकदा म्हणाली.

"ऐकतोय न्हवं का..." तो म्हणाला, आणि बनूचे कान तापले.

सोपानकडनं मागणी आली. बनूला वाढवणारे मामा, लालासाहेब, बहिऱ्याला भाची द्यायला तयार नव्हते. सगळ्यांदेखत पोरीशी नीट बोलून दाखव, मग बघू, अशी त्यांनी अट घातली.

बघायच्या कार्यक्रमात बनू रीतीप्रमाणं पाटावर बसली, पदर पुढं, मान खाली. सोपाननं नाव विचारलं. तिनं जमिनीकडं बघतच सांगितलं. त्याच्या कानी नुसती गुणगुण आली. तो वाकून पदराआडचे ओठ शोधू लागला. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

आता गेला हा माणूस हातचा! बनू उठली, पाट दारातल्या उजेडात नेला, पदर मागं सारला आणि थेट त्याच्याकडं बघत बोलली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

"व्हय," सोपान खणखणीत म्हणाला. "जलमभर."

"काय म्हणली रं ती?" मामा गोंधळले. "आमाला तर कायबी ऐकू आलं न्हाई."

"करून घेता का मला, म्हणली." सोपान हसला. "मग मामा, आता बहिरं कोण?"

मामांची मिशी थरथरली आणि ते पोट धरून हसू लागले. मामी साखर आणायला उठल्या. बनूनं मात्र पदर पुन्हा डोक्यावर घेतला नाही.