शनिवार सोडून रोज

"नळी कशाला घालताय? बाकीचे तर असाच कागद देतात."

सुकापूरच्या रस्त्यावर माझी पीयूसीची केबिन आहे. तिच्यासमोर एक जुनी पांढरी गाडी उभी होती, आणि खिडकीतून हे म्हणणाऱ्या माणसाचे डोळे इतके छान होते की मला उगाचच राग आला.

"मग बाकीच्यांकडं जा. आमी नळी घातल्याबिगर कागद देत नाय."

वाटलं, निघून जाईल. बहुतेक जण जातात. हा मात्र खाली उतरला, बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "घाला. मलाही खरं कळू दे."

गाडी सपशेल नापास झाली.

त्याचं नाव ओरेन. गाडी त्याच्या वडिलांची, पंधरा वर्षं भरत आलेली. महिनाअखेर आरटीओत फेरतपासणी होती. तिथेही धूर असाच निघाला तर गाडी थेट भंगारात. गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलून दिला होता, त्याने काडीचा फरक पडला नव्हता.

"बाबा गेले, आता गाडीही जाणार... आईला कसं सांगू, तेच कळत नाहीये," तो म्हणाला.

मी करंजा गावची, कोळ्याची पोर. बाबांच्या बोटीच्या इंजिनाशेजारी लहानाची मोठी झाले, मग आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं. धूर दिसला की मला गप्प बसवत नाही. मागे वाकून पाहिलं, तर कच्च्या पेट्रोलचा वास येत होता आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकत होतं. प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट.

"ही फिरते कुठं?"

"फिरत नाही. बिल्डिंगखाली उभीच असते."

"उभ्या गाडीला एवढी काजळी धरत नाय. चालू कोण करतंय?"

"आई. बाबा गेल्यापासून... सकाळी खाली येते, किल्ली फिरवते, थोडा वेळ आत बसते, बंद करून वर जाते. शनिवार सोडून रोज."

"शनिवारी काय?"

"शब्बाथ. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्या दिवशी विस्तव पेटवत नाही, आणि आईच्या मते इंजिन म्हणजे विस्तवच."

कोडं सुटलं. इंजिन कधी गरमच होत नव्हतं. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ते अर्धवट जळतं, काजळी धरते. धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरमधला डबाही तापल्याशिवाय कामाला लागत नाही. मी हे सगळं समजावलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे आईनेच... नाही, हे तिला सांगू नका. सोसायटीत धुराची तक्रार झाली, तेव्हासुद्धा मी सांगितलंय की गाडी मीच चालू करतो."

माझा जीव त्याच्यावर जडला तो तिथे. दिसायला बरे असलेले पुष्कळ येतात हो केबिनवर! आईचा वेडेपणा असा गुपचूप स्वतःच्या अंगावर घेणारा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"उद्या काकींना घेऊन या," मी म्हटलं. "आणि मला अहो-जाहो नको. प्रांजल म्हना."

"प्रांजल," तो म्हणाला. नुसतं म्हणून बघितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी प्लग बदलले, ऑइल बदललं. ओरेनच्या आई, जोकबेदकाकी, पर्स मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या, चेहऱ्यावर काळजी. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ओरेनने गाडी रस्त्याला घेतली.

"काकी, गाडी लई जपली हाय तुमी," मी म्हटलं. "पन तिला आता वारा लागू द्या. नुसती उभी ठेवली तर बोटपन आजारी पडते."

काकी हसल्या. "यांनाही एका जागी बसवायचं नाही."

आरशातून ओरेनने माझ्याकडे पाहिलं. कुणी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिल्याचं मला आठवत नाही. मी घाईघाईने इंजिनाचा आवाज ऐकू लागले... ऐकू काही येत नव्हतं.

इंजिन नीट तापावं म्हणून कोन गावाच्या पुढपर्यंत जाऊन आलो. आधी अडखळणारी गाडी परतताना सुरात धावत होती. केबिनपाशी येऊन मी नळी घातली, श्वास रोखून आकडा पाहिला. पास!

आनंदच झाला मला. पण मग लक्षात आलं, आता हा कशाला येईल? एखादा प्लग तसाच ठेवला असता तर... छे. खोटं नापास करणं मला जमलं नसतं. मी कागद काढून त्याच्या हातात दिला.

तो निघेना. "हा किती दिवस चालतो?"

"सहा महिने."

"म्हणजे मी यायचं ते... एकदम सहा महिन्यांनी?"

मशीन खरं सांगते, मग मी का नाही?

"मला नाय थांबता यायचं तेवढं," मी म्हटलं. "तुमी आवडलाय मला."

मागची काच खाली आली. "मग दर रविवारी येत जा की आमच्याबरोबर," काकी म्हणाल्या. "याला एकट्याला इंजिनातलं काय कळतंय?"

"आई, काच वर कर जरा," ओरेन म्हणाला, आणि माझा काजळीने माखलेला हात त्याने हातात घेतला.