जे तिला, ते मला

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटत असेल तर खुशाल वाटू दे. मला कुणाकडून बक्षीस नकोय. मी पडदे शिवते. ओमानात, सुवैकच्या किनारपट्टीवर, लोकांच्या खिडक्या मोजण्यात निम्मं आयुष्य गेलं माझं. बायकांच्या खोल्यांत मला कुणी अडवत नाही. म्हणून जे पुरुषांना दिसत नाही, ते मला दिसतं.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती.

भुताला अंधार लागतो असं ज्याला वाटतं, त्याने तिकडची उन्हाळ्यातली दुपार पाहिलेली नाही. जेवणं झाली की अख्खं गाव दारं लावून झोपतं. उघड्यावरच्या बांधकामाला त्या वेळेत बंदी असते, म्हणून मजूरसुद्धा निघून जातात. रस्त्यावर मांजर दिसत नाही. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान होईपर्यंत माणूस मेला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

मेला तरी...

मतर नावाचा माणूस. त्याच्या दोन बायका. थोरली शम्सा, धाकटी झुवैना.

शम्साला मूल नव्हतं. झुवैनाला मुलगी झाली, मैथा. तिथे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. सगळे तिला मुलाची आई म्हणूनच हाक मारतात. झुवैना झाली उम्म मैथा, मैथाची आई; मतर अबू मैथा, मैथाचा बाप. शम्सा शम्साच राहिली. तिची कूस रिकामी आहे, हे गावाला रोज वेगळं सांगावं लागत नव्हतं. हाक मारली की झालं.

मतरने नवं घर बांधायला काढलं. दोन बायका करायच्या तर दोघींना समान वागवायचं, हा तिकडचा नियम. चांगलाच आहे. पण मतरसारख्याच्या हातात नियम पडला की त्याचा मोजपट्टा होतो. त्याने घराचे दोन भाग आखून घेतले. उजवा झुवैनाचा, डावा शम्साचा. मधे मोठा हॉल, त्याच्या मागे दोन्ही स्वयंपाकघरांना मिळून एकच भिंत. पुढे पुरुषांची मजलिस, म्हणजे बैठकीची खोली. आरशात बघावं तसे दोन्ही भाग हुबेहूब. इकडे झुंबर तर तिकडे झुंबर. इकडे खिडकी तर तिकडे खिडकी. हा बाबा रोज सकाळी पट्टा घेऊन भिंती मोजायचा आणि स्वतःच्या न्यायावर खूश व्हायचा.

मन मोजायला कुठे पट्टा असतो? तो त्याच्या बापालाही माहीत नव्हता.

झुवैनाला मात्र या खेळातली मेख लगेच कळली. जे ती मागेल, ते सवतीच्या घरातही लागणार.

मग तिने मागायला सुरुवात केली.

फरशी निवडायचा दिवस मला आठवतो. मी हॉलमध्ये खिडकीची मापं घेत होते. शम्सा गुडघे धरत आली आणि मतरला म्हणाली, "माझ्याकडे साधी खडबडीत फरशी घाला. पाय सरकतो हल्ली."

झुवैना हसली. "म्हणजे मलाही खडबडीत? अबू मैथा, मी काय गोठ्यात राहणार आहे? मला आरशासारखी चकचकीत हवी."

"अगं, मग तिला तिची, तुला तुझी..."

"वा! आणि उद्या लोक म्हणतील, मतरने धाकटीला भारी दगड घातला, थोरलीला हलका. चालेल तुम्हाला?"

दोन्हीकडे चकचकीत दगड बसला.

त्याच्यावरची कडी पुढे होती. झुवैनाने मैथासाठी खोली मागितली. गुलाबी भिंती, ढगांचं छत, पांढरा पाळणा. मैथा चार वर्षांची घोडी झाली होती, तिला पाळणा कशाला? पण पाळणा आला. आणि जे इकडे, ते तिकडे. वांझ म्हणून हिणवलेल्या बाईच्या घरात गुलाबी खोली उभी राहिली. मधोमध रिकामा पाळणा.

मी तिथेच होते. पडद्याचं कापड हातात धरून. शम्सा उंबऱ्यावर उभी राहून त्या पाळण्याकडे बघत होती.

झुवैना मागून म्हणाली, "आवडला का गं? न्याय म्हणजे न्याय."

मला वाटलं, शम्सा आता रडेल. ती रडली नाही. ती मतरकडे वळली. "माझ्यासमोर शब्द द्या. जे तिला, ते मला."

"दिलाच आहे की."

"आणि जे मला, ते तिला."

मतर हसला. "एकच झालं ना ते!"

"नाही," शम्सा म्हणाली. "एकच नाही. म्हणा."

त्याने म्हटलं. वल्लाह म्हणून शपथ घेतली.

शम्सा मेली ती त्या घरात राहायला जायच्या आधीच.

त्या दुपारी मजूर गेले होते. मतर मैथाला घेऊन जुन्या घरी झोपला होता. झुवैना नव्या घराच्या उजव्या भागात माझ्या पडद्यांचे नमुने खिडकीला लावून बघत होती. शम्सा आल्याचं तिला ठाऊक नव्हतं. डाव्या भागात काहीतरी धपकन पडलं, तेव्हा कळलं.

मग आवाज आला...

"झुवैना..."

झुवैना थांबली.

"अगं झुवैना... पाय मोडला गं माझा... कुणीतरी या..."

हॉल ओलांडला की दार. तेवढंच अंतर होतं.

झुवैना गेली नाही. हातातला पडदा तिने नीट घडी घालून ठेवला. रिमोट उचलला. आणि एसी पूर्ण वाढवला, आवाज बुडेपर्यंत.

हे आणि पुढचं बरंचसं मला तिनेच सांगितलं, नंतर, तिच्या तोंडाने. "जरा पडू दे म्हटलं, बाई. जरा कळू दे. असरला मजूर येतीलच."

असरला मजूर आले. शम्सा गुलाबी खोलीच्या दारात मेलेली सापडली. डोकं दगडावर आपटलं होतं. रक्त आतल्या आत साचलं होतं. थारोळं वगैरे काही नव्हतं. फरशी आरशासारखी स्वच्छ.

झुवैना लोकांसमोर छाती पिटून रडली. रडण्यात बाई हुशार होती.

उन्हाळा सरायच्या आत ते तिघं नव्या घरात आले. डाव्या भागाला कुलूप लागलं. किल्ली झुवैनाच्या कमरेला. तिने मला बोलावून डाव्या भागातले पडदे उतरवून घेतले.

"याचे लोडांचे अभ्रे कर, बाई. भिंत पाडायचीय आता. अख्खं घर एक करते."

"मतरने शब्द दिला होता ना?"

"मेलेल्याला कसला शब्द? तू कात्री चालव."

मी चालवली.

त्याच आठवड्यात सुरू झालं.

दुपारची वेळ. मतर झोपलेला, मैथा झोपलेली. झुवैनाने स्वयंपाकघरात नळ सोडला.

डाव्या भागात नळ सुटला...

तिने बंद केला. तिकडचाही बंद झाला.

तिला वाटलं, नळाच्या पाइपात हवा असेल. तिने कपाटाचं दार लावलं.

तिकडे कपाटाचं दार लागलं.

तिच्या हातून चमचा पडला. मुद्दाम नाही, घाबरून. फरशीवर टण्ण आवाज झाला आणि थरथरत शांत झाला.

मग तिकडे... टण्ण.

ती चालायला लागली. भिंतीपलीकडे कुणीतरी चालायला लागलं. एक पाय नीट. एक पाय घासत.

ती थांबली.

पलीकडची थांबली.

भिंतीला कान लावायचं धाडस तिने केलं. पलीकडून श्वास येत होता. अगदी कानाजवळ. पलीकडच्या बाईनेही भिंतीला कान लावला होता...

तिने मतरला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "नवं घर आहे. उन्हाने दगड तडतडतो."

"दगड लंगडतो का हो?"

मतर कूस बदलून झोपला.

मग वस्तू निम्म्या व्हायला लागल्या. हलव्याचा डबा उघडला तर अर्धा हलवा गायब. कुरतडलेला नाही. सुरीने कापावा तसा मधोमध सरळ कापलेला. अत्तराची कुपी निम्मी. धुपाची डबी निम्मी. आणि बंद डाव्या दाराखालून धुपाचा वास हॉलमध्ये येऊन बसलेला.

पुढे तर एका दुपारी तिला जाग आली, तर बाजूला मतर नव्हता.

डाव्या भागाचं कुलूप उघडं होतं. किल्ली मात्र तिच्या कमरेलाच.

आत, शम्साच्या पलंगावर मतर झोपला होता. पलंगाच्या एका कडेला सरकून... बाजूला दुसऱ्या माणसापुरती जागा ठेवून. आणि त्या जागेवरची चादर दबलेली होती.

तिने त्याला गदागदा हलवलं. तो झोपेतच म्हणाला, "ओरडू नकोस. आज तिच्याकडची पाळी."

जागा झाल्यावर त्याला काही आठवेना. पुढच्या दुपारी तो झुवैनाजवळच झोपला. त्याच्या पुढच्या दुपारी पुन्हा तिकडे. एक दिवसाआड. ती जिवंत असताना कधी इतक्या नेमाने गेला नसेल.

मशिदीतले शेख येऊन पठण करून गेले. मतरने त्यांना दोन्ही भागांत सारख्याच वेळेचं पठण करायला लावलं. सवय, दुसरं काय!

झुवैना एवढं सगळं सहन करत होती, खरं सांगते. नवऱ्याची अर्धी झोप गेली तर गेली. भिंत पाडणारी माणसं ठरली होती. भिंत गेली की सगळं जाईल, हा तिचा हिशेब.

भिंत पाडायच्या आदल्या दुपारी ती उठली, तर मैथा अंथरुणात नव्हती.

"मैथा!"

न्हाणीघरातही नव्हती.

"मैथा... कुठे गेलीस गं?"

डाव्या भागातून पाळणा कुरकुरला...

ती धावली. डाव्या भागाचं बाहेरचं दार उघडंच होतं. आत गुलाबी खोलीचं दार मात्र आतून लागलेलं. पलीकडे मैथा खिदळत होती. आणि कुणीतरी गुणगुणत होतं. झोपवताना बायका गुणगुणतात ना, तसं. शब्द नसलेलं.

"मैथा, दार उघड! मी आई आहे!"

खिदळणं थांबलं.

मैथाचा आवाज आला. झुवैनाला विचारणारा नव्हता तो. आतल्या कुणालातरी विचारत होती.

"ती आई म्हणते. उघडू?"

मग पुन्हा पाळण्याची कुरकुर.

झुवैनाने दारावर धडक मारली आणि त्या आरशासारख्या दगडावर तिचा पाय सरकला. कमरेतून कटकन आवाज आला. ती पडली ती नेमकी तिथेच, जिथे शम्सा पडली होती.

"मतर! अहो मतर! या हो... कुणीतरी या..."

मतर हॉलपलीकडे झोपला होता. त्या दिवशी पाळी उजवीकडची होती.

ती ओरडत राहिली. शेवटी तिने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. सवतीला नावाने हाक मारली. विनवणीच्या आवाजात.

"शम्सा... अगं शम्सा... माझी पोर दे गं... चुकले मी..."

गुणगुणणं थांबलं.

गुलाबी खोलीत कुणीतरी काहीतरी नीट घडी घालून ठेवल्याची सळसळ झाली.

मग बारीकसा टिक.

आणि एसी वाढला. पूर्ण. तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू येईनासा होईपर्यंत.

असरला मतर उठला. झुवैना जिवंत होती. मैथा तिच्या उशाशी बसून तिच्या केसांवर हात फिरवत होती. मोठी बाई फिरवते तसा. गुलाबी खोली उघडी होती. आत कुणी नव्हतं. पाळणा मात्र हलत होता.

झुवैना त्यानंतर चालली नाही.

दोन महिन्यांनी तिचा मला फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाई, डाव्या भागाचे पडदे पुन्हा शिवून आण. होते तसेच."

"आणि भिंत?"

"भिंत राहू दे." मग हळूच म्हणाली, "कमी-जास्त करू नकोस हं. ती मोजते."

मी पडदे शिवले. मन लावून शिवले. घाबरून नाही. त्या थोरलीचं मी एकदा कापलं होतं, ते मला सलत होतं. भुताबिताला मी भीत नाही, असं त्या दिवसापर्यंत मीही म्हणायचे.

गेले तेव्हा दुपारच होती. मुद्दाम नाही, गाडी तेव्हाच मिळाली. हॉलचं दार उघडं होतं. मैथा हॉलच्या मधोमध फरशीवर बसून खजूर वाटत होती. दोन ताटल्या. एक इकडे, एक तिकडे. एक इकडे, एक तिकडे.

मी गाठोडं खाली ठेवलं आणि हाक मारली, "उम्म मैथा! पडदे आणलेत!"

उजवीकडून झुवैनाच्या खुर्चीचं चाक कुरकुरलं. "आले हो, बाई."

आणि डावीकडून, बंद दारामागून, घोगऱ्या, समाधानी आवाजात...

"आले."

माझी बोटं गाठोड्याच्या गाठीवरच राहिली. तो आवाज मी ओळखत होते. त्याच आवाजाने एकदा खडबडीत फरशी मागितली होती.

मैथाने मान वर केली. तिला नवल वाटलं नव्हतं. मी उगाच घोळ घालतेय, असं तिचं तोंड.

"नीट सांग ना, बाई," ती म्हणाली. "कुठली?"

मी गाठोडं तिथेच टाकून निघाले. त्या घरी परत गेले नाही. पण हल्ली दुपारी मशीन चालवताना मधेच थांबले की...

माझं मशीन थांबतं. आणि भिंतीपलीकडच्या बंद खोलीत, क्षणभराने, कसलंतरी मशीन थांबतं.

एकदा त्या बाईच्या कापडाला मीही कात्री लावली होती ना.