पडीक म्हणून लिहिलेला किनारा

हे खरं आहे. खाली "फेकतोय" असं लिहायचं असेल त्यानं आत्ताच निघावं. माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही.

नऊ एप्रिल. बोरी, तालुका जिंतूर. दुपारचा दीड वाजला होता. भुतं रात्रीच येतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?

मी नागेश. एका खाजगी कंपनीसाठी जागांचा सर्वे करतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत मला कोकणात पाठवलं. तिथं मोठं बंदर होणार होतं. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. होड्या नारळाच्या झापांनी झाकलेल्या, मासळी वाळवायच्या काठ्या रिकाम्या.

आपल्याकडं जुलैत मरायला सवड नसते. कोळपणी, खुरपणी... भर पावसाळ्यात रिकामी जागा म्हणजे पडीक. मी तसंच लिहिलं.

एक कोळीण म्हातारी मागं मागं येत होती. गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं.

"पावसात दर्या खवळतो बाबा, म्हणून होड्या वर काढतो. नारळी पुनवेनंतर येऊन बघ. आमचं सगळं इथंच आहे, तेवढं लिही."

मी म्हणालो, "आजी, बाजूला व्हा. फोटोत येताय."

मग भराव पडला. खाडीतली मासळी गेली, समुद्र गावात शिरायला लागला. गावानं तक्रारीवर तक्रारी केल्या. दर वेळी कंपनीनं माझा कागद पुढं केला. जागा पडीक, वापर नाही.

चौकशीत जबाब द्यायला मला बोलावलं होतं. मी गेलो नाही. नोकरी गेली असती. माझ्या चार वर्षांच्या निकिताला काय खाऊ घालणार होतो?

मार्चमध्ये उधाणाच्या लाटेनं म्हातारीचं घर नेलं. ती आतच होती.

तर नऊ एप्रिल...

लाईट गेलेली. ओसरीवर माझी बायको पिंकी चिंचा फोडत होती. निकिता चिंचोके गोळा करत होती.

खर्रर्र...

वाळूवरून जड लाकूड ओढल्यासारखा आवाज. पिंकीचा हात थांबला.

"अवो, काय वाजायलंय?"

बाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीच नाही.

तेवढ्यात शेजारचे माणिककाका आले. जेवण झालं की सुपारी खायला ते रोज येतात. आज दारातच थांबले. सरळ आमच्याकडं बघितलं. मग मान वळवून स्वतःच्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघत म्हणाले...

"न्हाई ओ आजी. इथं कुणी ऱ्हात न्हाई. लय दिवसांचं रिकामं पडलंय."

पिंकी हसली. "काय चेष्टा लावलीय काका? या, बसा."

काकांची पापणीसुद्धा हलली नाही.

निकिता पळत जाऊन त्यांच्या पायाला बिलगली. त्यांनी धोतर झटकलं. मी ओरडत त्यांचा हात धरला. त्यांनी हात खाजवला आणि निघून गेले.

ते जिथं बघून बोलत होते, तिथली माती ओली होती.

तासाभरानं काका परत आले. "नागेश, सुपारी काढ की."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. काका बसले, पिंकीशी उन्हाबद्दल बोलले. मग इकडं तिकडं बघत म्हणाले...

"सूनबाई, लेकरू कुठं गेलं?"

निकिता त्यांच्या मांडीवर बसली होती.

दुसऱ्याच दिवशी मी कोकणची गाडी धरली. लेखी जबाब दिला. सर्वे चुकीचा आहे, जागा वापरात होती, मी खोटं लिहिलं. चौकशीच्या साहेबांनी शिक्का मारला. नोकरी गेली. जाऊ दे मसणात.

आज निकिताला अंगणवाडीत घेऊन गेलो. ताईंनी माझ्याकडं बघितलं.

"नागेशभाऊ, एकटेच आलाव?"

निकितानं माझं बोट घट्ट धरलं होतं.

परत येताना तिनं विचारलं, "पप्पा, ताई माझ्याशी का बोलंना?"

तुम्हीच सांगा, तिला काय सांगू?