देवीचे व्रण

दिवा राहू दे तसाच मंद. देवयानी म्हणजे माझ्या पुतण्याची, शिवची बायको. जर्सी सिटीत सतराव्या मजल्यावर राहतात. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा तिचा व्यवसाय. मागच्या पौषातली अमावास्या, रविवार. दुपारी ती मॅनहॅटनमधल्या एका विक्रेत्याकडून चित्राची गुंडाळी घेऊन आली.

कोरियातल्या जुन्या दरबारी पंडिताचं चित्र, रेशमावर काढलेलं. काळी टोपी, झग्याच्या छातीवर हुद्द्याचे भरतकाम केलेले करकोचे, हात बाह्यांत लपवलेले. आणि चेहराभर देवीचे व्रण. तिकडचे चित्रकार मोठे कडक. माणूस आहे तसाच काढायचा. एक केस चुकला तरी तो दुसराच कोणी, असं मानायचे.

विक्रेता म्हणाला होता, "फेस जरा क्लीन करून दे. डाग बघून गिऱ्हाईक कचरतंय."

तिला पटलं नव्हतं. पण नवीन माणसाचं पहिलंच काम, शब्द मोडवेना. पुसता येईल असाच रंग लावू, अशी तिने मनाची समजूत घातली.

शिव ऑफिसच्या कामाला टेक्सासमध्ये प्लेनोला गेलेला. बाहेर बर्फ. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"झोप आता, देवयानी."

"एकच व्रण राहिलाय रे. फिनिश करते."

तोही झाकला. चेहरा गुळगुळीत झाला... आणि कोणाचाच राहिला नाही.

ब्रश धुवायला ती सिंककडे वळली. मागे रेशीम सळसळलं. हीटरचा वारा असेल. पण हीटर बंद होता.

समोर खिडकीच्या काळ्या काचेत खोली दिसत होती. टेबल. दिवा. तिच्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं. काळी टोपी. टोपीखाली... सपाट.

ते उठलं.

तिचे पाय हलेनात. सळसळ जवळ आली. मानेवर गार बोटं. मग गालावर. आंधळा चाचपतो तशी... सावकाश. नाक. ओठ.

"पुसते," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता पुसते."

बोटं थांबली.

मागे न बघता तिने टेबल गाठलं. ओला कापूस घेतला. एकेक व्रण मोकळा करत गेली. मानेवरचा गारवा हटला नाही. शेवटचा व्रण उघडा पडला तेव्हा उजाडत होतं, आणि खोलीत ती एकटी होती.

सकाळी चित्र परत दिलं. "हे माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच बोलली.

परतताना ट्रेनमध्ये शिवला कळवायला तिने फोन चेहऱ्यासमोर धरला. उघडला नाही. केस मागे सारले. पुन्हा धरला... नाही.

आरशात ती तीच आहे. आम्हालाही तीच दिसते. तिने फोनमध्ये चेहरा पुन्हा नोंदवला, फोनही बदलला. दिवसभर नीट चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा... ओळखत नाही. रोज.