निघण्याआधी विचार करणारी गाडी

"आई, आत्याआजीची गाडी निघायच्या आधी विचार करते," मैनाने सांगितलं होतं.

"म्हातारी झाली गं ती," असं म्हणून शाल्मली हसली होती आणि विषय तिथेच संपला होता.

एरवी शाल्मली असं काही सोडून देणारी नव्हती. मैनाला एक शिंक आली तरी ती दुसरीची वाट बघत उभी राहायची. पण ही गाडी खरंच म्हातारी होती. रस्त्यावरच्या बाकी सगळ्या गाड्या बॅटरीवर चालत, स्वतःच स्वतःला चालवत. वैजूआत्याची शेवाळी रंगाची चिमुकली गाडी मात्र पन्नास वर्षांपूर्वीची होती आणि उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावर खोकत चालायची.

वैजूआत्या म्हणजे शाल्मलीच्या वडिलांची बहीण. तिने जन्मभर वंगणांवर (यंत्राचे भाग घासून झिजू नयेत म्हणून घालायच्या तेलांवर) संशोधन केलं होतं. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय निकामी झाला. या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं, गिअर आपोआप पडायचे. त्यामुळे एका पायावर ती चालवता यायची. रस्त्यावर इतक्या शहाण्या गाड्या असताना हा हट्ट कशाला, असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "सगळ्यांनी मला आयुष्यभर उचलून नेलं. ही एकटीच अशी, जिला मी नेते."

आणि मग एका रविवारी, पन्हाळ्याच्या चढावर, ती गाडी मागे घसरली. आत आत्या होती आणि शेजारी मैना. इंजिन गरजत होतं, गिअर पडलेला होता, तरी गाडी मागे मागे जात राहिली. आत्याने हँडब्रेक ओढला, तोवर ती कठड्यावर आदळून थांबली होती. शाल्मलीने मैनाला नखशिखांत तपासलं. आत्याचं डोकं दाराच्या खांबावर आपटलं होतं. "टेंगूळसुद्धा आलं नाही, बघ की," आत्या म्हणाली आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

"आत्या, ही गाडी आता भंगारात," शाल्मलीने सांगून टाकलं.

"आणि कारण सापडलं तर? गिअरबॉक्स उघडते. कारण सापडलं नाही तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन. मग कर भंगार."

सुटे भाग मिळेपर्यंत काही आठवडे गेले. अखेर कोल्हापुरात, आत्याच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, गिअरबॉक्स टेबलावर आला. शाल्मली दाराशी उभी राहिली. तिचं सगळं लक्ष मैनाच्या बोटांवर आणि पत्र्याच्या धारदार कडांवर होतं. मदतीला चिमटा होता, म्हणजे आत्याचा यंत्रमानव. दोन लांब हात, एक डोळा आणि खाली चाकं.

"आत्याआजी, हे बघ!" मैना हिरमुसली होती. "एकही दाता तुटलेला नाही. सगळी चाकं शाबूत आहेत. मग गाडी मागे का आली?"

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. मग तिने एक जोडणी पुढे सरकवली.

"फिरवून बघ. मधलं चाक म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती हे तीन ग्रह. तिघांना धरून ठेवणारी ही बैठक. आणि सगळ्यांच्या बाहेर हे कडं, आतून दाते असलेलं. इंजिन सूर्याला फिरवतं. बैठक गाडीच्या चाकांना जोडलेली असते. आता कडं घट्ट धर आणि सूर्य फिरव."

मैनाने तसं केलं. ग्रह कड्याच्या आतून रांगत निघाले आणि बैठक सावकाश फिरू लागली.

"हळू फिरते, पण जोर बघ केवढा!"

"हा पहिला गिअर. चढाचा. आता शाल्मली, तू ती बैठक धर. चढावर गाडीचं वजन चाकांना धरून ठेवतं ना, तशी. मैना, तू कडं सोड आणि सूर्य फिरव."

शाल्मलीने दोन बोटांनी बैठक धरली. मैनाने सूर्य फिरवला, तर मोकळं कडं उलटं भिरभिरायला लागलं. बैठक जागची हलली नाही.

"अगं बाई!" शाल्मली म्हणाली. "माझा तर काहीच जोर लागला नाही."

"मला कळलं!" मैना ओरडली. "इंजिनचा जोर कड्यातच वाया जातो. कडं कुणीतरी धरून ठेवायला हवं. पण कोण धरतं?"

चिमट्याने खरखरीत चकत्यांचा गठ्ठा उचलला. "या घर्षणचकत्या (एकमेकींवर दाबल्या की पकड घेणाऱ्या चकत्या). यांना पिस्टन दाबतो आणि पिस्टनला तेलाचा दाब ढकलतो. वास घ्या."

"ईऽ! करपलेलं!"

"चकत्या घसरत राहिल्या, तापल्या, जळल्या," चिमटा म्हणाला. "कारण ही सील (तेल निसटू नये म्हणून पिस्टनभोवती बसवलेली रबरी कडी) वयाने कडक झाली होती."

त्याने जुनी सील असलेल्या पिस्टनमागे तेलाऐवजी हवा सोडली. फुस्सऽऽऽ. बऱ्याच वेळाने पिस्टन कसाबसा सरकला.

"म्हणजे ती विचार करत होती तो हाच!" मैना म्हणाली. "दाब भरायला वेळ लागत होता. आई, मी तुला सांगितलेलं!"

शाल्मलीचा चेहरा उतरला. त्या अर्ध्या क्षणाच्या उशिरात सगळं सांगितलेलं होतं. ऐकणारीने ते वयावर ढकललं.

"आत्या, तेरा नंबरचा पाना देऊ का?" चिमट्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. चिमटा पाना धरून थांबला. आत्या पान्याकडे बघत होती. तिचा उजवा हात उचलला गेला आणि वाटेतच रेंगाळला.

"हं? दे."

"आत्या, काय होतंय?" शाल्मली पुढे आली.

"कुठे काय? म्हातारी झाले गं मी."

हे शब्द शाल्मलीचेच होते, गाडीबद्दलचे.

"चिमट्या, तू इतका वेळ का थांबलास?"

"पूर्वी मी लगेच पुन्हा विचारायचो. पण आता आत्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो. पुन्हा विचारलं की चिडतात. म्हणून मी थांबण्याची वेळ वाढवत नेली."

"कधीपासून?"

"गाडी मागे आली त्यानंतर. रोज थोडी थोडी."

"आणि सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

"चहाडीखोर डबडं," आत्या पुटपुटली, पण तेही उशिराच.

शाल्मलीने वाद घातला नाही. तिने आत्याचे ग्रीस लागलेले हात पुसले आणि तिला तडक इस्पितळात नेलं. डोक्याचं स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, "त्या धक्क्याने एक बारीक शीर फुटली होती. मेंदू आणि कवटी यांच्या मधल्या जागेत आठवडेच्या आठवडे थेंबथेंब रक्त साचत गेलंय. उतारवयात असं होतं. मार किरकोळ वाटतो आणि त्रास सावकाश सुरू होतो. कवटीला लहानसं छिद्र करून ते काढून टाकू. आणखी उशीर झाला असता तर मात्र अवघड होतं."

"आणि आतला मेंदू?" मैनाने विचारलं.

"तो ठीक आहे. त्याच्यावर फक्त दाब आलाय."

"म्हणजे दाते शाबूत आहेत," मैना म्हणाली. मग थोडा विचार करून तिने दुरुस्ती केली, "पण गाडीत दाब कमी पडला होता. इथे वाढलाय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. खाटेवरची आत्या मात्र क्षणभराने हसली.

ती रात्र शाल्मलीने खुर्चीत बसून काढली. एरवी ती मैनाचा श्वास ऐकायची, त्या रात्री आत्याचा ऐकला. सकाळी शस्त्रक्रिया झाली. दुपारी तिने भीतभीत विचारलं, "आत्या, चहा घेशील?"

"इथला? तो काय चहा आहे?" उत्तर तात्काळ आलं. शाल्मली तोंड फिरवून रडली.

महिन्याभराने गिअरबॉक्स पुन्हा जुळवला. नव्या चकत्या आधी तेलात मुरवल्या, नवी सील न दुमडता बसवली. मैनाने हवा सोडली. ठप्प! पिस्टनने लगेच पकड घेतली. चढावर चालवून पाहण्याची परवानगी डॉक्टरांनी आत्याला अजून दिली नव्हती. म्हणून गाडी शाल्मलीने चालवली, आत्या शेजारी बसली. पन्हाळ्याच्या त्याच वळणावर शाल्मलीने गाडी थांबवली आणि गिअर टाकला. गाडी विचार न करता निघाली.

"भंगार?" आत्याने विचारलं.

"गप्प बस, आत्या. मी चालवतेय," शाल्मली म्हणाली.

मैनाने चिमट्याला नवा नियम शिकवायला घेतला आहे: माणसासाठी थांबावं लागलं तर थांब, पण थांबावं लागतंय हे कुणाला तरी सांग. असा नियम शिकलेले यंत्रमानव एक दिवस घरोघरी असतील, असं तिला वाटतं.

तोवर हे काम आपलंच आहे. म्हणून शाल्मलीचं तुम्हा मुलांना एक सांगणं आहे. तुमच्या ओळखीचं कुणीतरी वयस्कर, एकटं राहणारं माणूस असेल. त्यांना आज फोन करा. "जेवलात का?" एवढंच विचारा. मग गप्प राहा आणि उत्तर निघायला किती वेळ लागतोय ते नीट ऐका. वेळ लागत असेल, तर घरातल्या मोठ्यांना लगेच सांगा. आणि ते हसून सोडून द्यायला लागले, तर पुन्हा सांगा.