नियोजित माघार

मंगळाच्या जमिनीखाली चाळीस मीटरवर असलेल्या मुख्यालयात सरसेनापती यशवर्धन घोरपडे सकाळपासून तिसऱ्यांदा आपल्या पदकांवरून बोटं फिरवत होते. ही दक्षिण वसाहत आणि उत्तरेची वसाहत गेली वीस वर्षं बर्फाच्या एका दरीसाठी भांडत होत्या. दरी जागच्या जागी होती. माणसं तेवढी कमी झाली होती.

डॉ. शर्वाणी टिपरेला या माणसाचा मनापासून तिटकारा होता. ती भाषाशास्त्रज्ञ, 'रणमती' या सिद्धांतयंत्राची भाषा तपासायला तिला इथं नेमलेलं. पडद्यावर उद्याच्या हल्ल्याचा आराखडा होता. पहिल्या लाटेत नववी पलटण, अपेक्षित मृत्यू शंभरात साठ. नवव्या पलटणीत तिचा धाकटा भाऊ ओजस होता.

"इक्बालभाई, हे साठ कुठून आले?" तिनं यंत्राच्या अभियंत्याला विचारलं.

"रणमती मनानं काही ठरवत नाही, मॅडम," इक्बाल मुल्ला म्हणाले. "जुन्या अकरा मोहिमांचे अहवाल वाचते. काय केल्यावर यश आलं ते शोधते, त्यावरून लढायचं कसं याचा सिद्धांत बांधते आणि त्याबरहुकूम हल्ला आखते. जिथं जास्त माणसं मेली, तिथल्या अहवालांत यशाचं वर्णनही दणदणीत आहे. म्हणून साठ."

"यश आलं हे तिला कळतं कसं?"

"शेवटच्या ओळीत असतंच की. 'उद्दिष्ट साध्य'."

शर्वाणीनं अकराही अहवाल काढून वाचले आणि तिचं डोकं भणाणलं. सेनेच्या लेखननियमांत सातवं कलम होतं: 'पराभव' हा शब्द वापरू नये, त्याजागी 'नियोजित माघार' लिहावे आणि अखेर 'उद्दिष्ट साध्य' या शब्दांनी करावी. अकराच्या अकरा वेळा सेना मार खाऊन पळाली होती. जितकी प्रेतं जास्त, तितकी विशेषणं जाड. त्यातल्या पाच अहवालांखाली घोरपड्यांची झोकदार सही होती, आणि छातीवर पदकंही पाचच.

दुपारी युद्धमंडळाची बैठक भरली. शर्वाणी सरळ उभी राहिली. "हा सिद्धांत खोट्या अहवालांवर उभा आहे. उद्याचा हल्ला थांबवा."

घोरपडे हसले. "बाई, तुम्ही व्याकरण बघा. युद्ध आम्ही बघतो."

"माघार म्हणजे पराभव, एवढं व्याकरण मलाही येतं."

"माझे अहवाल अक्षरशः खरे आहेत! माघार नियोजित होती आणि उद्दिष्ट साध्य झालं. लिहून देऊ?"

"द्या," शर्वाणी म्हणाली.

फुशारकीच्या भरात त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिलं. मंडळाच्या सभापती शकुंतला रणपिसे यांनी त्यावर शिक्का मारला. शर्वाणी कागद घेऊन इक्बालभाईंकडे धावतच गेली.

"'नियोजित माघार' या शब्दांना रणमती किती महत्त्व देते?"

"शून्य. सगळीकडे येतात, म्हणून सजावट समजून मीच वगळले होते."

"आता वगळू नका. सरसेनापतींनी लेखी दिलंय, शब्द न् शब्द खरा आहे."

इक्बालभाईंनी कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि मिशीत हसत कळ दाबली. चार मिनिटांत नवा आराखडा मंडळासमोरच्या पडद्यावर उमटला. जुन्या मोहिमांत हल्ला कधी सहा दिवस चालला, कधी चाळीस. मृत्यू कधी कमी, कधी जास्त. यशाआधी न चुकता घडलेली कृती एकच, नियोजित माघार. बाकीच्या कृती अनावश्यक. उद्या सकाळी दहा वाजता सर्व पलटणींनी माघार घ्यावी. यशाची खात्री शंभर टक्के.

घोरपड्यांचा चेहरा लालबुंद झाला. "हा मूर्खपणा आहे! न लढता मागे फिरणं म्हणजे..."

"म्हणजे काय?" सभापतींनी विचारलं.

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. तो एक शब्द उच्चारला असता तर पाचही पदकं तिथंच उतरवावी लागली असती. साठ टक्के माणसं मारायला ज्याचा हात कचरला नव्हता, तो आता पेन उचलायला कचरत होता. शर्वाणीला त्याची जराही दया आली नाही.

"म्हणजे... नियोजित माघार," ते पुटपुटले आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी नववी पलटण एकही गोळी न झाडता, एकही माणूस न गमावता परतली. अहवालाच्या अखेरीस नेहमीचेच दोन शब्द होते. घोरपड्यांना सहावं पदक जाहीर झालं.

दुपारी ओजसचा संदेश आला. "ताई, आपण जिंकलो म्हणे! पण हरवलं कुणाला?"

शर्वाणीनं डोळे पुसले आणि उत्तर धाडलं, "सरसेनापतींना."